मदत हवी आहे: महामार्गाच्या कामात गल्लीची वाट कशी राखावी?

नमस्कार. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून स्टेशन गाठायचे तर पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडावाच लागतो, आणि छेडानगर ते ठाणे उन्नत मार्गाच्या कामासाठी पत्रे लागल्यापासून आमच्या गल्लीचे सेवा रस्त्याकडचे तोंड बंद आहे. परवा आईला नेणाऱ्या रुग्णवाहिकेला मोठा वळसा पडला. तेव्हापासून मला चैन नाही. काम व्हायला हवे, त्याला आमचा विरोध नाही.

रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची ‘एसपी ५५’ ही मार्गदर्शिका कामाच्या टापूतही पादचाऱ्यांना सुरक्षित वाट ठेवायला सांगते. तिच्या आधारे शाळा, दवाखाने, बसथांबे, अग्निशमन बंबाला लागणारी वळणे आणि पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या जागा दाखवणारा नकाशा आम्ही रहिवासी तयार करीत आहोत. हा नकाशा आधी कोणाकडे द्यावा: महापालिकेचे विभाग कार्यालय, वाहतूक पोलीस, की प्रकल्पाचे अभियंते? मंजूर वाहतूक वळण आराखडा माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागताना अर्जात नेमके कोणते शब्द लिहावेत? आणि ज्यांच्या वस्तीत मेट्रोच्या कामाच्या वेळी बंद केलेली वाट पुन्हा उघडून मिळाली, त्यांनी तेव्हाच्या पत्रव्यवहाराचा नमुना कृपया द्यावा. पावसाळ्याआधी निवेदन द्यायचे आहे.