नाशिकची थंडी आणि गच्चीवरच्या कुंड्या, आत्तापासून काय तयारी करू?

गच्चीवाली_नाशिक: नमस्कार मंडळी. आम्ही मे मध्ये ठाण्याहून नाशिकला शिफ्ट झालो, गच्चीवर २५-३० कुंड्या आहेत. ठाण्याला थंडीचं कधी टेन्शनच नव्हतं पण इथे शेजारच्या काकू म्हणतात डिसेंबरात तुळस हमखास जळते. तुळस, मोगरा, तीन-चार गुलाब, कढीपत्ता आणि एक जुनं अडेनियम आहे, ते सासूबाईंनी दिलेलं त्यामुळे त्याचा फार जीव आहे मला. दिवाळी झाली की लगेच काय काय करायचं? खत आत्ता सगळ्यांना द्यायचं का? आणि मेथी-कोथिंबीर लावायला उशीर तर नाही ना झाला?

निफाडचा_माळी: ताई, उशीर अजिबात नाही, उलट बरोबर वेळेला विचारलंत. आमच्याकडे निफाडला पारा कधीकधी ५ च्याही खाली जातो, द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवून बसतात, नाशिक शहरात तेवढं नसतं पण कुंडीतल्या झाडाला जमिनीतल्यापेक्षा थंडी जास्तच लागते कारण कुंडी चहूबाजूंनी गार पडते.

खत सरसकट सगळ्यांना देऊ नका, हे पहिलं. थंडीत तुमची निम्मी झाडं झोपणार आहेत आणि निम्मी कामाला लागणार आहेत. मोगरा, अडेनियम, कढीपत्ता झोपणारे, गुलाब, शेवंती आणि पालेभाज्या कामाच्या. झोपलेल्याला खत-पाणी दिलं की मुळं कुजतात, थंडीने मरतात त्यापेक्षा जास्त झाडं लोकांच्या प्रेमाच्या पाण्याने मरतात हे मी दरवर्षी बघतो.

अडेनियमची पानं पिवळी पडून गळतील, घाबरू नका. बुंधा अंगठ्याने दाबून बघा, टणक असेल तर झाड ठणठणीत आहे, पाणी जवळजवळ बंद ठेवा आणि कुंडी पावसाळी सरीपासून आडोशाला पण उन्हात ठेवा. मऊ लागला तर मात्र लगेच कुंडीतून काढून कुजका भाग कापावा लागतो.

मोगऱ्याला पाणी कमी करा, छाटणी आत्ता नको, जानेवारी संपता संपता करा आणि मग शेणखत किंवा गांडूळखत द्या, उन्हाळ्यात कळ्यांनी भरेल. गुलाबाची छाटणी मात्र आत्ताच, दसरा ते दिवाळी हाच त्याचा टाइम. धारदार कात्रीने, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा कोंब फुटतो) थोडं वर तिरका काप द्या. कापल्यावर आतलं लाकूड तपकिरी दिसलं तर अजून खाली जा, पांढरट-हिरवं दिसेपर्यंत. दीड-दोन महिन्यांत फुलं.

शेवंती_आणि_मी: वरच्या दादांनी सगळं छान सांगितलंय, मी फक्त उन्हाचं सांगते कारण हे कोणी सांगत नाही. ऑक्टोबरच्या उन्हासाठी हिरवी शेडनेट लावली असेल तर ती आता काढून टाका. आणि थंडीत सूर्य दक्षिणेकडे सरकतो, त्यामुळे गच्चीच्या दक्षिण कठड्याला चिकटून ठेवलेल्या कुंड्यांवर दुपारीसुद्धा कठड्याची सावली पडते. त्या कुंड्या मधे ओढा नाहीतर विटांवर उंच ठेवा. गुलाबाला निदान पाच-सहा तास ऊन हवंच हवं.

पाणी सकाळी ऊन आल्यावर द्या, संध्याकाळी नको. रात्रभर हवेत दमटपणा राहिला की गुलाबावर भुरी येते, पांढरी पावडर टाकल्यासारखी. आली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम फवारायचं. शेवंतीवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर निंबोळी तेल लिटरला ५ मिली अधिक चमचाभर साबणाचं पाणी, हे मात्र ऊन उतरल्यावर फवारा, भर उन्हात पानं करपतात.

गच्चीवाली_नाशिक: बाप रे, आमचे गुलाब दक्षिण कठड्यालाच आहेत!! उद्याच हलवते. दादा, तुळशीचं राहिलं ना सांगायचं?

निफाडचा_माळी: हो ताई, राहिलंच. मंजिऱ्या धरू देऊ नका, खुडत राहा, नाहीतर झाडाची सगळी ताकद बियांत जाते. फार गारठा असेल त्या रात्री जुनी सुती साडी किंवा ओढणी वरून टाका, सकाळी काढा, प्लास्टिक नको. एक-दोन मंजिऱ्या मात्र झाडावरच पूर्ण वाळू द्या, मग तळहातावर चोळून भुसा फुंकून टाकला की बारीक काळपट बिया राहतात, त्या कागदाच्या पुडीत ठेवा. जुनं झाड गेलंच तरी फेब्रुवारीअखेर पेरा, उन्हाळ्यात नवीन तुळस तयार.

मेथी रात्रभर भिजवून पेरा, महिन्याभरात भाजीला येते. कोथिंबिरीसाठी धने लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा आणि उगवायला दहा-बारा दिवस लागले तर माती उकरून बघू नका.

गच्चीवाली_नाशिक: धने आजच रगडते, खूप खूप आभार दोघांचे 🙏