मदत हवी आहे: तीन स्पार्क प्लग निघाले, तिसऱ्या सिलिंडरचा मात्र अर्ध्यात अडकला आहे

नमस्कार मंडळी,

चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग घरीच बदलायचे म्हणून मी आज सकाळी काम हाती घेतले आणि ते एका प्लगपाशी येऊन अडले आहे. पुढे काही करण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा, असे वाटले.

गाडी ६१,००० किलोमीटर चालली आहे आणि पुस्तिकेत ४०,००० किलोमीटरला प्लग बदलायला सांगितले आहे, म्हणजे उशीर माझ्याकडूनच झाला आहे. गेले दोन आठवडे गाडी उभ्या जागी थरथरत होती आणि चढावर मिसिंग करत होती. शेवटी इंजिनाचा दिवा लागला, तेव्हा स्कॅनर लावून पाहिला. त्यात पी ०३०३ हा कोड आला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (तिथले पेट्रोल नीट पेटत नाही). जळले नसलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो आणि निकामी होऊ शकतो, हे ठाऊक असल्याने आणखी दिवस ढकलले नाहीत.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिले होते. सकाळी बॅटरीचे ऋण टोक काढले, प्लगला उच्च दाबाची वीज देणाऱ्या कॉइलचे कनेक्टर त्यांची खिटी दाबून सोडवले, १० मिलिमीटरचे बोल्ट काढून प्रत्येक कॉइल आधी किंचित पिळली आणि मग सरळ वर ओढली. प्लगच्या खोबणीत साचलेली धूळ हवेने उडवून दिली आणि मगच १६ मिलिमीटरचा, आतून रबर असलेला प्लग सॉकेट लावला. पहिला, दुसरा आणि चौथा प्लग एकदा ‘टक्’ करून सुटले, त्यानंतर एक्स्टेंशन बोटांनी फिरवूनच बाहेर आले.

तिसराही तसाच ‘टक्’ करून सुटला, पण साधारण एक तृतीयांश फेरा फिरल्यावर करकर आवाज येऊ लागला आणि तो जड होत गेला. आता रॅचेटवर जोर दिला की प्लग फिरण्याऐवजी एक्स्टेंशनच पिळल्यासारखे वाटते आणि हात सोडला की हँडल बोटभर मागे येते. हे लक्षात येताच मी थांबलो.

आणखी जोर लावावा, की दुसरा काही मार्ग आहे? नवे तीन प्लग हाताने बसवले आहेत, पण आवळलेले नाहीत, कारण माझ्याकडे टॉर्क पाना (किती जोराने आवळले ते मोजणारा पाना) नाही. पाना नसताना किती आवळावेत? आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावावी का, जेणेकरून पुढच्या वेळी ही अडचण येणार नाही? आणि जुन्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर, धातूच्या कडेलगत, बाहेरच्या बाजूने तपकिरी वलय दिसते आहे. तिथून गॅस गळत होता, असा त्याचा अर्थ घ्यावा का?

प्रतिसाद १

थांबलात हे फार योग्य केलेत. हँडल मागे येते आहे, याचा अर्थ तुमचा जोर प्लग सोडवण्यात न जाता त्याला पिळण्यात जातो आहे. प्लगचे कवच पोलादाचे असते आणि हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचे, म्हणून या झटापटीत एकतर प्लग तुटतो किंवा हेडचे मऊ आटे त्याच्याबरोबर ओरबाडून बाहेर येतात. हेडचे आटे गेले, तर तिथे आट्यांच्या आकाराची तारेची गुंडाळी किंवा बुश बसवावा लागतो आणि कधीकधी त्यासाठी हेड उतरवावे लागते, तेव्हा इथे घाईला जागा नाही.

आधी प्लग उलट फिरवून जिथून निघाला तिथपर्यंत पुन्हा आत घ्या, म्हणजे आट्यांत अडकलेली काजळी थोडी मोकळी होईल. मग खोबणीत गंज सोडवणारे तेल अगदी थोडे, चार-पाच थेंब, प्लगच्या बुडाशी पडेल असे सोडा आणि रात्रभर तसेच राहू द्या. जास्त ओतू नका, कारण प्लग सुटताच ते सिलिंडरमध्ये उतरते. दुसऱ्या दिवशी पाव फेरा बाहेर, लगेच थोडा आत, पुन्हा पाव फेरा बाहेर, असे करत राहा. दर वेळी तो मागच्यापेक्षा किंचित पुढे आला पाहिजे. येत नसेल, तर पुन्हा तेल आणि पुन्हा वाट पाहणे. मी एकदा एका प्लगसाठी दोन पूर्ण दिवस असे केले होते आणि तिसऱ्या दिवशी तो फारसा जोर न लावता निघाला.

एक्स्टेंशन सरळ उभे आहे ना, तेही पाहा. ते तिरपे असले, तर जोर बाजूला जाऊन चिनी माती तडकते.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. फक्त एक भर घालतो. तेल मुरूनही प्लग हलला नाही, तर इंजिन किंचित कोमट करून पाहता येईल, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते आणि हेडमधले भोक थोडे सैल होते. मात्र त्यासाठी गाडी सुरू करण्यापूर्वी अडकलेला प्लग पुन्हा पूर्ण आत बसलेला हवा, बाकीचे तीन नीट आवळलेले हवेत, खोबणीतले तेल पुसलेले हवे आणि सगळ्या कॉइल जागेवर हव्यात. अर्धा सुटलेला प्लग ठेवून इंजिन चालवले, तर ज्वलनाचा दाब त्याला वर ढकलतो आणि उरलेसुरले आटेही जातात.

प्रतिसाद १

कोमट हा शब्द मी अधोरेखित करेन. हेडवर तळहात सहज टेकवता येईल इतकेच. गरम हेडमधून प्लग काढताना आट्यांची नासाडी झालेली मी पाहिली आहे, म्हणून माझे मत आधी थंड इंजिनावरच पुरेसा वेळ देण्याचे आहे.

प्रतिसाद ३

आवळण्याविषयी लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या अडचणीचे मूळही तिथेच निघण्याची शक्यता आहे.

१६ मिलिमीटरचा सॉकेट लागणाऱ्या प्लगचे आटे १४ मिलिमीटरचेही असतात आणि १२ मिलिमीटरचेही, तेव्हा आधी मोजून घ्या. वॉशर असलेल्या १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर टॉर्क लागतो आणि १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० पुरतो, पण तुमच्या पुस्तिकेत दिलेला आकडा याहून वेगळा असेल, तर तोच प्रमाण मानावा. टॉर्क पाना नसेल, तर १४ मिलिमीटरचा नवा प्लग वॉशर टेकेपर्यंत बोटांनी फिरवावा आणि तिथून पुढे पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. या फेऱ्यात हाताला वॉशर चपटा होताना जाणवतो. तोच प्लग काढून पुन्हा बसवत असाल, तर वॉशर आधीच दबलेला असल्याने बारावा हिस्सा, म्हणजे घड्याळाच्या दोन आकड्यांमधल्या अंतराएवढा फेरा पुरतो. काही प्लगना वॉशर नसतो, त्यांची बैठक निमुळती असते. त्यांना बोटांनी टेकवल्यावर फेऱ्याचा सोळावा हिस्सा पुष्कळ झाला. खोक्यावर ही आकृती बहुधा छापलेली असते, ती आधी पाहावी.

सैल प्लग हा जास्त आवळलेल्या प्लगइतकाच वाईट असतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. प्लगच्या टोकाची बहुतांश उष्णता आटे आणि बैठक यांतून हेडमध्ये जाते. बैठक नीट टेकली नसेल, तर टोक तापत राहते आणि ज्वलनाचा गॅस आट्यांमधून वर झिरपून तिथे काजळी धरते. ती काजळी पुढे दगडासारखी होते.

अँटी-सीझ लावू नका. आजच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर कारखान्यातच गंजरोधक मुलामा असतो. वर पेस्ट लावली, तर आटे निसरडे होतात आणि टॉर्क पाना तोच आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात प्लग कितीतरी जास्त ताणला जातो. तपकिरी वलयाची काळजी करू नका. उच्च दाबाच्या विजेमुळे तिथे हवेतले तेलाचे व धुळीचे कण ओढले जाऊन चिकटतात. प्लग गळत नाही आणि ठिणगीवरही त्याचा परिणाम होत नाही.

नवे प्लग बसवताना सॉकेट न वापरता रबरी नळीचा तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर चढवून त्याने फिरवावे, असे सुचवतो. आधी किंचित उलट फिरवायचे, आटे एकमेकांत बसल्याचा बारीक धक्का बोटांना लागला की सुलट फिरवायचे. आटे तिरपे चढले, तर नळी प्लगवरून घसरते आणि तुम्हाला वेळीच कळते. रॅचेट हे सांगत नाही. नवा प्लग हातातून फरशीवर पडला असेल, तर तो मात्र वापरू नये, कारण आतल्या चिनी मातीला गेलेली तड बाहेरून दिसत नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. प्लग निघाला, म्हणून काय झाले ते सविस्तर लिहितो.

काल दुपारी प्लग पुन्हा आत फिरवून पाच थेंब तेल सोडले आणि रात्री आणखी तीन. आज सकाळी थंड इंजिनावरच पाव-पाव फेऱ्याने पुढेमागे करायला सुरुवात केली. पहिली दहा मिनिटे प्रगती जवळजवळ शून्य होती. मग करकर आवाज बसका होत गेला आणि चाळीसेक मिनिटांनी तो एकाएकी हलका झाला. इंजिन कोमट करण्याची वेळ आली नाही.

बाहेर आल्यावर पाहिले, तर खालच्या तीन आट्यांच्या खाचा काळ्या, कडक काजळीने भरून सपाट झाल्या होत्या. नखाने ती निघेना. वॉशर मात्र गोल फुगीरच होता. इतर तीन प्लगचे वॉशर चपटे आहेत, हा जणू कधी दाबलाच गेला नव्हता. मागच्या वेळी हा प्लग नुसता टेकवून सोडला असावा. त्याचे टोक पांढरट पडले आहे, बाकीच्यांचे फिकट बदामी आहे. ठिणगी पडते तो गॅप मोजला, तो १.४ मिलिमीटर भरला, पुस्तिकेत १ मिलिमीटर आहे.

आता एक शेवटचा प्रश्न. हेडच्या आट्यांत उरलेली काजळी कशी काढावी? नवा प्लग तसाच फिरवू नये, एवढे मला कळते.

प्रतिसाद ३

आटे कापणारा टॅप वापरू नका, तो चांगला धातूही खरवडतो. आटे साफ करण्याचा चेसर मिळतो, त्याच्या खाचांत ग्रीस भरून तो हाताने फिरवा, म्हणजे काजळी ग्रीसला चिकटून बाहेर येईल. दोन फेरे झाले की काढून पुसा आणि नवे ग्रीस भरा. शेवटी बारीक नळी लावून सिलिंडरमध्ये पडलेले कण व्हॅक्यूमने ओढून घ्या. नवा प्लग तळापर्यंत बोटांनी गेला पाहिजे. जात नसेल, तर साफसफाई अपुरी आहे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

चेसर पाच वेळा फिरवला. पहिल्या तीन वेळा ग्रीस काळे आले, नंतर स्वच्छ. नवा प्लग रबरी नळीने शेवटपर्यंत गेला. आटे १४ मिलिमीटरचेच निघाले. एका मित्राने टॉर्क पाना दिला, तेव्हा चारही प्लग पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे २५ न्यूटन मीटरला आवळले आणि कॉइलच्या रबरी बुटांच्या तोंडाशी आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात दिला. सुरू करताना एक्झॉस्टमधून अर्धा मिनिट निळसर धूर आला, तो खोबणीतून उतरलेल्या तेलाचा असावा, नंतर थांबला. कोड पुसून तीन दिवस गाडी चालवली आहे. थरथर गेली आहे, पी ०३०३ परत आलेला नाही, आणि आज थंड इंजिनावर तिसरी कॉइल काढून टॉर्चने पाहिले, तेव्हा प्लगच्या बुडाशी काजळीचा डाग नव्हता.