मदत हवी आहे : यान वोल्कर्स यांची पुस्तकं आणि काचशिल्पं

नमस्कार मंडळी,

डच कादंबरीकार, चित्रकार आणि शिल्पकार यान वोल्कर्स (१९२५–२००७) यांच्याबद्दल माहिती हवी आहे. ॲमस्टरडॅमच्या वेर्टहाइम पार्कमधलं त्यांनी घडवलेलं, आउशविट्झ या नाझी मृत्युछावणीतल्या बळींचं स्मारक फोटोत पाहिलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. जमिनीवर आडवे ठेवलेले आरसे, सगळ्यांना तडे गेलेले, खाली आउशविट्झहून आणलेली राख. तिथे जे घडलं त्यानंतर आकाशाचं प्रतिबिंब अखंड दिसूच शकत नाही, हा त्यामागचा विचार. इतकं थेट, इतकं खरं स्मारक मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्यांच्या 'टर्किश डिलाइट' (मूळ डच १९६९) या कादंबरीचा नायकही शिल्पकारच आहे. तिच्यावरचा पॉल व्हरहोवन यांचा १९७३चा चित्रपट बऱ्याच जणांना माहीत असेल. पण मला लेखक आणि शिल्पकार, दोन्ही एकत्र समजून घ्यायचे आहेत.

त्यांच्या इतर कादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद भारतात कुठे मिळतील? जुनी प्रतही चालेल. आणि नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींना विचारायचं होतं : ते अखेरपर्यंत टेसल बेटावर राहिले, तर तिथे त्यांची काचशिल्पं पाहायची असतील तर कुठून सुरुवात करावी? कोणी प्रत्यक्ष पाहिली असल्यास जरूर सविस्तर लिहा.