विषय एकच घे म्हणतात. चाळ घेऊ, जात घेऊ की मी?

तिसरा_मजला_नायगाव

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची खोली, माणसं पाच, मजल्यावर वीस खोल्या आणि संडास सगळ्यांचे मिळून. आता टॉवर होणार, ५०० फुटांचं घर मिळणार. सगळे खूश आहेत, मीही आहे. पण खोली पाडायच्या आत तिच्यावर एक डॉक्युमेंटरी करायची आहे. मी मालिकांच्या एडिटला असिस्टंट आहे, कॅमेरा मित्राचा, म्हणजे खर्च वडापावचा.

मी गे आहे. घरात फक्त ताईला ठाऊक आहे. आम्ही बौद्ध. हे दोन्ही फिल्ममध्ये येणारच, कारण खोलीत तेच आहे: भिंतीवर बाबासाहेब, खाली पलंग आणि पलंगाखाली मी. बारावीपर्यंत तिथेच झोपायचो.

गेल्या महिन्यात एका ठिकाणी पिच केलं. पॅनलवरच्या बाई अगदी मायेने म्हणाल्या, "बेटा, विषय एक घे. चाळ घे, जात घे, नाहीतर हे घे. तिन्ही घेतलंस तर एकही पोहोचणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली. तेवढंच खुपतंय.

त्याच आठवड्यात मार्लन रिग्जचा 'टंग्ज अनटाइड' हा माहितीपट पाहिला. १९८९ चा, तासाभराचाही नाही. रिग्ज म्हणजे काळा, गे, अमेरिकन. लहानपणी जॉर्जियात राहत होता तेव्हाचं सांगताना पडद्यावर नुसती तोंडं येतात. ओठ आणि दात, पडदाभर. कुणी रंगावरून शिवी हासडतंय, कुणी बायल्या म्हणून. गोऱ्यांची तोंडं, काळ्यांचीही. मला आमच्या जिन्यातली तोंडं दिसायला लागली. त्यातलं एक जयंतीच्या मिरवणुकीत मी लेझीम उचलली की हमखास ओरडायचं, "ए, कंबर नको हलवू!" तंबाखूने दात काळे पडलेले, पण माणूस तसा चांगला. पप्पांना हार्टचा त्रास झाला तेव्हा त्यानेच उचलून टॅक्सीत घातलं होतं.

पुढे रिग्ज सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो वस्तीत येतो. सगळे आपलेच, आणि त्याच्याकडे बघायला कुणी नाही. सगळीकडे गोरी पोरं. तिथे मी पॉज केलं. वांद्र्यातल्या एका पार्टीतला माझा संवाद असा: "कुठे राहतोस?" "दादर." "दादरला कुठे?" "नायगाव." "अच्छा... आणि आडनाव?" मग त्याला एकदम ड्रिंक आणायला जायचं असतं.

रिग्ज स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन बोलतो. तेही करून पाहिलं. मोरीचा पडदा ओढला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि फोनवर रेकॉर्ड केलं. ऐकतो तर तीन मिनिटं नुसतं पाणी आणि शेवटी आई, "बादली भरली का नाय अजून? पाणी जाईल!"

तर प्रश्न हा. एक फिल्म करू की दोन? आणि आवाज माझा ठेवू की कुणाचा तरी उसना घेऊ?

कातरवाला

डॉक्युमेंटरीच्या एडिटला पंधरा वर्षं घालवली आहेत, म्हणून बोलतो. त्या बाई अगदीच चुकीच्या नाहीत. खुद्द रिग्जने आधी 'एथनिक नोशन्स' केली, १९८६-८७ च्या सुमारास. काळ्यांची विद्रूप चित्रं अमेरिकेत बाहुल्यांपासून कार्टूनपर्यंत कशी रुजली, एवढाच विषय. स्वतः त्यात कुठेच नाही. टीव्हीचा एमी पुरस्कारही मिळाला. तू पाहिलीस ती त्यानंतरची. तोवर बर्कली विद्यापीठात पत्रकारिता शिकून तो तिथेच शिकवायला लागला होता.

पण 'टंग्ज' परत बघ, एडिटरच्या डोळ्याने. 'आता वंशाकडे वळू' असं तो कुठे म्हणतो का? तोंडामागून तोंड लावतो, बस. तू पिचमध्ये तीन परिच्छेद केले असणार: चाळ, जात, लैंगिकता. त्यांनी तीनच ऐकले. लेझीमवरून ओरडणारा माणूस आणि टॅक्सी, हे लिहून गेला असतास तर विषय मोजायला कुणाला सुचलं नसतं.

मोरीतलं रेकॉर्डिंग साफ होणार नाही, नादी लागू नकोस. पाणी यायच्या आधी, पहाटे, दोन गोधड्या दोरीवर टाकून आत बस. पंखा बंद. फोन तोंडासमोर नको, थोडा बाजूला धर.

उगाच_शंका

राग मानू नका, पण अमेरिकेतल्या काळ्यांचं इथे कशाला चिकटवायचं? जात वेगळी, वंश वेगळा.

तिसरा_मजला_नायगाव

@उगाच_शंका चिकटवायला मी पहिला नाही हो. १९७२ मध्ये इथल्याच पोरांनी दलित पँथर काढली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच घेतलं होतं. फरक आहे, मान्य. रिग्ज दारातून आत आला की लोकांना रंग दिसतो. माझ्याबाबतीत दोन प्रश्न जास्त विचारावे लागतात. त्या दोन प्रश्नांच्या मधली जी पाच मिनिटं असतात ना, त्यात मी फार हसरा असतो. ती पाच मिनिटं फिल्ममध्ये कशी आणायची हे रिग्जकडून शिकता येत नाही, ते माझं मलाच बघावं लागेल.

@कातरवाला तीनच परिच्छेद होते. बोल्डमध्ये हेडिंगसकट.

गिरगावातला_म्हातारा

वय ६४. १९९० मध्ये इथे गे लोकांचं 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक निघालं तेव्हा मी तो अंक लोकसत्तेत गुंडाळून चर्नी रोडच्या बाकड्यावर वाचायचो. हेडलाइन कुठली होती तेही सांगेन, कारण तासभर तेच पान समोर धरून बसायचो.

'टंग्ज' १९९१ मध्ये तिकडच्या सार्वजनिक टीव्हीवर आला तेव्हा बऱ्याच स्टेशनांनी दाखवायला नकार दिला. वर्षभराने पॅट ब्युकॅनन नावाच्या पुढाऱ्याने त्यातले तुकडे उचलून प्रचाराची जाहिरात केली. म्हणजे एकदा फिल्म सुटली की ती कोण कुठे कापून लावेल याची खात्री नाही. तुमच्या चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा विचार करून ठेव. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलैंगिक संबंध गुन्हा नाही म्हटलं आणि पोलिसांची भीती गेली, आईची भीती वेगळ्या खात्यातली.

आणखी एक. रिग्ज १९९४ मध्ये एड्सने गेला, ३७ वर्षांचा. शेवटच्या फिल्ममध्ये तो इस्पितळाच्या खाटेवरून बोलताना दिसतो, ती सहकाऱ्यांनी पुरी केली. त्याला घाई होती. तुझ्यात घाई खोलीला आहे, तुला नाही. खोली आत्ता शूट कर. जिना, मोरी, पलंगाखालची जागा, सगळं. आवाज टेपवर घेऊन ठेव आणि लावायचा तेव्हा लाव. आईला फेस्टिव्हलच्या अंधारात कळता कामा नये, एवढं माझं ऐक.

तिसरा_मजला_नायगाव

काका, थँक्यू. 'टेपवर' वाचून बरं वाटलं.

एकच फिल्म करतोय. रविवारी सुरू. आईला एवढंच सांगितलं की आपल्या खोलीची फिल्म काढायची आहे. तिने दोन मिनिटं मोरीच्या ओल आलेल्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "ही दिसणार का त्यात?" म्हटलं, दिसणार.

काल कामावरून आलो तर दारात चुन्याची पिशवी. पाडायच्या खोलीला ती रंग काढायला निघालीय. ताई हसून लोळतेय आणि मला ओल हवी आहे. तिला कसं थांबवायचं, कुणी सांगेल का?