डावखुऱ्या मुलीसाठी मॅच एअर रायफल ऑर्डर केली आहे: ऑर्डर शीट, कस्टम, हवा आणि आल्यावरची तपासणी

धरमपेठ_पालक

नमस्कार मंडळी. मुलगी १५ वर्षांची, १० मीटर एअर रायफल, डावखुरी. सध्या क्लबची उजवी रायफल वापरून राहिली आहे. तिच्यासाठी जर्मन मॅच रायफल ठरवली: ॲल्युमिनियम स्टॉक (रायफलीचा दस्ता), लेफ्ट, ऑर्डरप्रमाणे बांधून मिळणारी. ॲडव्हान्स भरून झाला. सांगितलेले १६ आठवडे उलटले, आता २१ वा चालू आहे, आणि विक्रेता दर फोनला "पुढच्या लॉटमध्ये" एवढंच सांगून राहिला.

ऑर्डर शीटमध्ये अजून बदल करता येईल असं तो म्हणतो. तर नेमकं काय लिहून घ्यावं? लायसन्स लागत नाही, मग कस्टममध्ये माल कशावरून अडतो? रायफलीच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा नागपुरात कुठून भरायची? पेटी आल्यावर पहिल्या दिवशी काय तपासायचं? आणि मे महिन्यात आली तर आपल्या उन्हाचं काय?

डायऑप्टर

दादा, शीट अजून उघडी असेल तर उशीर झाला हे एका अर्थी बरंच झालं. "लेफ्ट" हा एक शब्द पुरत नाही. ग्रिप, चीक पीस (गाल टेकवायचा भाग), लोडिंग लिव्हर आणि डायऑप्टरचे (मागच्या भोकाच्या साइटचे) नॉब, या चारही गोष्टींसमोर वेगवेगळं "लेफ्ट" लिहून घ्या. बऱ्याच मॉडेलवर लिव्हर दोन्ही बाजूंना बसतो, म्हणून बांधणारा तो उजवीकडेच ठेवून पाठवतो. ग्रिप मात्र फिरवून लेफ्ट होत नाही, तो सुटा भाग आहे आणि वेगळा मागवावा लागतो.

ग्रिपचा साइज अंदाजाने लिहू नका. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यापासून तर्जनीच्या टोकाकडच्या पहिल्या पेराच्या मध्यापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा, आणि तो आकडा शीटवर द्या. एस, एम, एल प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. बोट ट्रिगरवर सरळ मागे ओढलं गेलं पाहिजे. ग्रिप मोठा झाला की बोटाचं टोकच जेमतेम पोचतं, ओढ तिरकी होते आणि शॉट आडवे पसरतात. बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) ते ट्रिगर हे अंतर जॅकेट घालून, उभ्या पोझिशनमध्ये मोजा. जॅकेटशिवाय मोजलेलं माप रेंजवर लांब पडतं.

वजन: आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाने कमाल ५.५ किलो, साइट आणि सगळी ॲक्सेसरी धरून. किमान काहीच नाही. १५ वर्षांच्या मुलीसाठी कोरी रायफल हलकी घ्या आणि वजनाच्या पट्ट्या सुट्या मागवा. पाठ तयार होईल तशी एकेक पट्टी लावता येते. जड स्टॉक हलका करता येत नाही. साइट रेडियस वाढवायला बॅरलपुढे नळी लावणार असाल तर मेकॅनिझमच्या मागच्या टोकापासून नळीच्या तोंडापर्यंत ८५० मिमीच्या आत राहिलं पाहिजे. इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे सामन्याच्या साहित्य तपासणीला, हे मोजतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे फारसं कुणी लिहून घेत नाही: सिलिंडरची तारीख. सिलिंडरवर बनवल्याचा महिना आणि वर्ष बारीक अक्षरात कोरलेलं असतं, उदाहरणार्थ ०३/२४. या रायफलींच्या सिलिंडरचं आयुष्य साधारणपणे बनवल्यापासून १० वर्षं धरतात, तुमच्या हातात आल्यापासून नव्हे. मुदत संपली की सामन्यात चालत नाही आणि ते बघण्याची जबाबदारी नियमाने खेळाडूवरच आहे. दोन वर्षं गोदामात पडलेला सिलिंडर नव्या रायफलीला लावून आला तर दोन वर्षं तुमचीच गेली. "पाठवण्याच्या तारखेला सिलिंडर ६ महिन्यांपेक्षा जुना नसावा" असं एक वाक्य प्रोफॉर्मावर (माल पाठवण्याआधीच्या कच्च्या बिलावर) घ्या. दुसरा सिलिंडर आत्ताच मागवा, सुटा नंतर आणायचा म्हणजे हे सगळे कागद पुन्हा.

कागद_आधी

कस्टमचं सांगतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ज्या एअरगनची ऊर्जा २० जूलच्या वर किंवा बोअर ०.१७७ इंचापेक्षा मोठा, तिला लायसन्स लागतं. मॅच रायफल ४.५ मिमी म्हणजे ०.१७७ चीच, आणि ऊर्जा ७.५ जूलच्या आसपास. ०.५३ ग्रॅमची पॅलेट (छर्रा) सेकंदाला साधारण १७० मीटरने जाते, हिशोब करून पाहा. म्हणून ती बाळगायला लायसन्स नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये. ती .२२ ची रायफल, तिला लायसन्स लागतं. हे दोन प्रकार पालक नेहमी एकत्र करतात.

पण बाळगण्याचा नियम वेगळा आणि आयातीचा वेगळा. लायसन्स नाही म्हणून घरी कुरिअरने येईल असं समजू नका. कस्टमच्या वर्गवारीत एअर रायफल शस्त्रांच्याच प्रकरणात, ९३ मध्ये बसते. खेळाडूच्या नावाने आणायची तर एनआरएआयची (राष्ट्रीय रायफल संघटनेची) शिफारस आणि पात्रतेचा पुरावा ही मुळाशी लागणारी गोष्ट. विक्रेता स्वतःच्या नावाने आणून देणार असेल तर त्याच्या आयातीच्या परवानगीची प्रत आत्ताच मागा. तुमचे २१ आठवडे कारखान्यात गेले की या परवानगीत, ते त्यावरून कळेल.

माल अडतो तो बहुतेक वेळा साध्या विसंगतीवर. प्रोफॉर्मा बनतो तेव्हा रायफल बांधलेलीच नसते, त्यामुळे सीरियल नंबर नसतो. शेवटच्या इनव्हॉइसवर तो हवाच, आणि बॅरलवर कोरलेला तोच अक्षरशः हवा. मुलीचं नाव शिफारसपत्र, आधार आणि इनव्हॉइसवर एकाच स्पेलिंगमध्ये पाहिजे. वडिलांचं नाव मध्ये घातलं तर तिन्हीकडे घाला. इनव्हॉइसच्या वर्णनात "१० मीटर स्पर्धेची एअर रायफल, ४.५ मिमी, ७.५ जूल" असं ऊर्जेसकट लिहून घ्या आणि कॅटलॉगमधलं ऊर्जेचं पान जोडा. ऊर्जा लिहिलेली नसेल तर अधिकारी खुलासा मागतो, तो येईपर्यंत पेटी गोदामात. मोफत दिवस संपले की रोजचं डेमरेज (गोदामाचं जादा भाडं) चालू. सुटा सिलिंडर, पॅलेट, वजनपट्ट्या वेगळ्या ओळींत, वेगळ्या किमतींसह. ड्युटीतून सूट मिळणार असेल तर त्याचं प्रमाणपत्र बिल ऑफ एन्ट्री (कस्टमला द्यायचा आयातीचा अर्ज) भरण्याआधी हातात हवं, नंतर दाखवून परतावा काढणं म्हणजे वेगळीच फरफट.

बिल ऑफ एन्ट्री आणि इनव्हॉइसची प्रत पुढे कायम रायफलीच्या पेटीत ठेवा. रेल्वेत, विमानतळावर, कुठेही विचारलं तर हेच दोन कागद बोलतात.

कोरडी_हवा

हवेबद्दल. पहिली गोष्ट, आणि ही हसण्यावारी नेऊ नका: ऑक्सिजन भरायचा नाही. वेल्डिंगवाल्याकडचाही नाही, हॉस्पिटलवाल्याचाही नाही. दाबाखाली ऑक्सिजन आणि व्हॉल्व्हमधलं ग्रीस एकत्र आले की स्फोट होतो. भरणारा माणूस "हवाच आहे ती" म्हणाला तरी त्याच्या सिलिंडरवर काय लिहिलंय ते स्वतः वाचा.

नागपूरला समुद्र नाही, म्हणून डायव्हिंगवाले नाहीत. क्लबकडे कॉम्प्रेसर असेल तर उत्तम. नसेल तर हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत फायर सेफ्टीचं काम करणाऱ्यांकडे चौकशी करा. अग्निशमनाचे ब्रीदिंग सेट ३०० बारला भरतात आणि ती श्वास घेण्यालायक, कोरडी, तेलविरहित हवा असते. तुमचा रायफल सिलिंडर बहुधा २०० चा आहे. तेव्हा व्हॉल्व्ह केसभर उघडायचा, गेजवर डोळा ठेवायचा, २०० ला थांबायचं. ॲडॉप्टरही बघून घ्या: २०० चा डीआयएन (आट्यांच्या जोडणीचा एक प्रकार) ॲडॉप्टर ३०० च्या व्हॉल्व्हवर सील होत नाही, तो मुद्दामच तसा बनवलेला असतो.

हळू भरा. भसकन भरलं की सिलिंडर तापतो, गेज २०० दाखवतं आणि थंड झाल्यावर १८५-१९० वर येतं. हातपंपही चालतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये हवेतलं पाणी सरळ सिलिंडरमध्ये जातं. पंपाला ड्रायर फिल्टर असेल आणि त्यातले दाणे रंग बदलल्यावर बदलत असाल तरच वापरा. पाणी आत गेलं की आधी रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला दाब सारखा ठेवणारा भाग) बिघडतो, आणि ते लक्षात येतं तेव्हा शॉट वरखाली जायला लागलेले असतात.

उन्हाचं: ३० अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६५ अंशाला पोचला तर दाब २२३ बार होतो. मे महिन्यात सीताबर्डीवर गाडी तासभर उभी केली तरी आत भट्टी होते. रायफल गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका, एवढंच. आणि विमानाने जाताना सिलिंडर रिकामा न्यावा लागतो, एअरलाइनला आधी कळवून. परत आल्यावर थोडा तरी दाब ठेवा, म्हणजे सील जागेवर राहतात आणि धूळ शिरत नाही.

धरमपेठ_पालक

खूप आभार. कागदांचं तर डोक्यातच नव्हतं. आज विक्रेत्याचा फोन आला: रेडी स्टॉकमध्ये उजवी रायफल आहे, लिव्हर डावीकडे करून पुढच्या आठवड्यात देतो, लेफ्ट ग्रिप नंतर पाठवतो म्हणतो. घ्यावी काय?

डायऑप्टर

लेफ्ट ग्रिप त्याच पेटीत येत असेल तर विचार करा, नाहीतर नको. "नंतर" म्हणजे पुन्हा एक आयात. तोवर ती उजव्या ग्रिपवर मनगट वाकवून मारेल, आणि ती सवय काढायला रायफलीची वाट पाहिली त्याहून जास्त वेळ जाईल. स्टॉकचं चीक पीस डावीकडे पुरेसं सरकतं का, याचा समोरून आणि वरून काढलेला फोटो मागा. आणि विक्रेत्याच्या रेडी स्टॉकमधली आहे म्हणजे सिलिंडरवरच्या कोरलेल्या तारखेचाही फोटो मागा. तीन वर्षं जुना निघाला तर नवा सिलिंडर त्याच किमतीत बसवून मागा.

ग्रुप_कार्ड

तपासणीचं राहिलं. पेटी गार कार्गोतून दमट हवेत आली असेल तर दोन-तीन तास न उघडता खोलीत राहू द्या, नाहीतर धातूवर दव धरतं. उघडताना व्हिडिओ. सीरियल नंबर इनव्हॉइसशी ताडा, सिलिंडरची तारीख वाचा, डायऑप्टरचे दोन्ही नॉब पूर्ण फिरवून क्लिक एकसारखे लागतात का बघा. स्टॉकचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच कसलेले असावेत. वाहतुकीत एक जरी ढिला झाला तर ग्रुप (शॉटचा पुंजका) पसरतो आणि दोष बॅरलला दिला जातो.

कारखान्याचं टेस्ट कार्ड सोबत येतं. ते खरं असतं, पण त्यांच्या पॅलेटच्या लॉटवर काढलेलं. तुम्ही इथे मिळणाऱ्या पॅलेटवर काढा. ४.४९ आणि ४.५० मिमी हेडचे (पॅलेटच्या डोक्याचा व्यास) तीन-चार लॉट घ्या, रायफल शिकंज्यात बांधा, प्रत्येकी १० शॉट. भोकाच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. एकच भोक पडलं तर ४.५ मिमी. दहाचा ठिपका ०.५ मिमीचा, त्यामुळे मधोमध बसलेला ९.५ मिमीचा ग्रुपही कागदावर सगळे दहाच दाखवतो. त्यावर समाधान मानू नका. दशांशात मोजतात आणि प्रत्येक ०.१ म्हणजे फक्त पाव मिलिमीटर. ६० शॉटची कमाल ६५४.० आहे. ग्रुप साडेसहा मिमीच्या वर गेला तर आधी लॉट बदला, मग बोल्ट तपासा, मग वेगात चढउतार आहे का ते क्रोनोग्राफवर (पॅलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) बघा. बॅरलवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. बॅरलमध्ये तेल टाकू नका, फेल्टच्या गोळ्यांनी पुसा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, तेही नखभर.

तोवर एक काम आजच करता येईल. क्लबच्या रायफलीवर तिची आत्ताची सेटिंग टेपने मोजून वहीत लिहा: बट प्लेटची उंची, आत-बाहेर किती, कोन, बट प्लेट ते ट्रिगर अंतर, चीक पीसची उंची, डायऑप्टर डोळ्यापासून किती लांब. बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा. नवी रायफल आली की हेच आकडे लावून सुरुवात होईल, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सामना चार आठवड्यांच्या आत असेल तर तो क्लबच्याच रायफलीने खेळू द्या.

धरमपेठ_पालक

सिलिंडरचा फोटो आला. ११/२१. रेडी स्टॉकमधली नको म्हणून कळवलं, लेफ्टची ऑर्डर कायम ठेवली आणि सहा महिन्यांचं वाक्य प्रोफॉर्मावर टाकून घेतलं. बेचक्यापासून पेराच्या मध्यापर्यंत ७१ मिमी भरलं, तेही पाठवलं.