भूसंपादनाच्या मोबदल्यावरचा टीडीएस परत मिळवायचा आहे, मदत हवी आहे

मंडळी, प्रश्न माझ्या अप्पांच्या जमिनीचा आहे. बेळगावच्या दक्षिणेला आमचं शिवार. रस्त्यासाठी त्यातले २२ गुंठे गेले. बासमती पिकायची त्यात. पंचनाम्याच्या दिवशी अप्पा बांधावर बसून होते, घरी यायला तयार नव्हते. मोबदला १८ लाख ठरला. पैसे देणाऱ्या कार्यालयाने त्यातून १० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार, टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापला. ‘शेतजमीन आहे, कापू नका’ असं अप्पांनी तोंडी सांगितलं होतं, पण लेखी काहीच दिलं नव्हतं.

आकारणी वर्ष २०२५-२६चं रिटर्न भरताना मोबदला करमुक्त दाखवला आणि परतावा मागितला. परवा बेंगळुरूच्या सीपीसीकडून (आयकर विभागाचं रिटर्न तपासणारं केंद्र) कलम १४३(१)ची इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासल्याचं पत्र, आली. टीडीएसचं क्रेडिट (कापलेला कर जमा धरणं) शून्य, परतावा शून्य. अप्पांनी ती छापून घेतली आणि जमिनीच्या कागदांच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. उतारा कन्नडमध्ये, हा कागद इंग्रजीत, आणि वाचणारे आम्ही मराठी. बेंगळुरू म्हटल्यावर त्यांना ते राज्य सरकारचं पत्र वाटतंय. ‘राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट काढ, समोर बसून सांगतो’ म्हणतात.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं २५ ऑक्टोबर २०१६ चं परिपत्रक ३६ आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ खाली माफ असलेला मोबदला आयकरातही करमुक्त, असं त्यात म्हटलंय. ते अधिकाऱ्यावर बंधनकारक असतं का? आणि दाद मागायची कुठे? आमचे सीए म्हणतात, कॅपिटल गेन (मालमत्तेवरचा करपात्र नफा) दाखवा आणि विषय संपवा. माझं मन तयार होत नाही.

शिवारकर: ताई, आधी अप्पांचा प्रवास थांबवा. सीपीसी बेंगळुरूत असली तरी ती केंद्राच्या आयकर विभागाची आहे, देशभरातली रिटर्न तिथं संगणकावर तपासली जातात. समोर बसून सांगायची सोय तिथं नाही. पत्र खरं की खोटं ते डीआयएन क्रमांकावरून (पत्राचा ओळख क्रमांक) आयकर पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर हा क्रमांक सक्तीचा आहे.

परिपत्रकाचं म्हणाल तर, मंडळ ते आयकर कायद्याच्या कलम ११९ खाली काढतं आणि खात्याच्या अधिकाऱ्यांना ते पाळावंच लागतं. करदात्यावर मात्र बंधन नसतं. अमुक माणसाच्या केसचा निकाल असाच द्या, असं मंडळ सांगू शकत नाही, तेवढी मर्यादा आहे. तुमचं संपादन कुठल्या कायद्याखाली झालं ते निवाड्यात (मोबदला ठरवणारा आदेश) बघा. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालचं असेल तर कलम ९६ लागू होतं की नाही यावर वाद झालेले आहेत, म्हणून सगळा भार या एकाच परिपत्रकावर टाकू नका.

तुमची बाजू दुसरीकडूनही भक्कम आहे. ग्रामीण शेतजमीन आयकरात भांडवली मालमत्ताच धरत नाहीत, म्हणून कॅपिटल गेनचा प्रश्नच येत नाही. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार, म्हणून महापालिकेच्या हद्दीपासून सरळ हवाई रेषेत ६ किलोमीटरच्या पलीकडची जमीन ग्रामीण. रस्त्याने मोजू नका. आतली निघाली तरी आयकर कायद्याचं कलम १०(३७) आहे. सक्तीने संपादन झालं आणि आधीची दोन वर्षं अप्पा स्वतः ती कसत होते, एवढं दाखवता आलं तर तिथंही सूट मिळते.

आता क्रेडिट का नाकारलं? टीडीएसच्या तक्त्यात त्या रकमेपुढे उत्पन्नाचा प्रकार कोणता निवडलाय? तो रकाना रिकामा किंवा चुकीचा असेल तर यंत्रणेला उत्पन्न सापडत नाही आणि क्रेडिट देत नाही. तसं असेल तर कलम १५४ खाली ऑनलाइन दुरुस्ती मागा. चूक कागदावरूनच दिसते आहे हे मात्र त्यात स्पष्ट लिहा. अपिलाची मुदत ३० दिवसांची असते, दुरुस्तीच्या निकालाची वाट बघत ती घालवू नका. आणि मोबदल्यात व्याज धरलंय का ते बघा. वाढीव मोबदल्यावरच्या व्याजाचा निम्मा भाग करपात्र ठरतो.

मूळ लेखिका: शिवारकरदादा, मनापासून आभार. रिटर्न उघडून बघितलं. करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात १८ लाख आहेत, पण टीडीएसच्या ओळीत ‘इतर उत्पन्न’ निवडलंय. अप्पांना दाखवलं तर म्हणाले, एवढ्याशा रकान्यापायी? तलाठ्याकडून मागच्या तीन हंगामांचा पीकपाण्याचा उतारा काढायला उद्या ते स्वतःच जाणार आहेत. हद्दीपासूनच्या हवाई अंतराचा दाखला बेळगावात कुणी घेतलाय का? कुठल्या कार्यालयातून मिळाला, तेवढं सांगा.