चपलेवर राजघराण्याचा शिक्का हवा का?

शहापूरची ताई: डिसेंबर २०२४ मध्ये इंग्लंडच्या राजे चार्ल्स यांच्या पुरवठादारांची यादी आली, त्यात कॅडबरी नाही. १८५४ ला व्हिक्टोरिया राणीने दिलेला, मालावर राजघराण्याचा शिक्का लावायचा मान गेला. मला ती पद्धत पटते. आधी पाच वर्षं राजवाड्याला माल पुरवायचा, मग मान, तोही एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांचा. पुढे पुन्हा पारख.

आमच्याकडे? मागच्या दिवाळीत बाजारातून ‘अस्सल कोल्हापुरी’ घेतली. महिन्यात तळ उकलला, आत पुठ्ठा! कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याने असा शिक्का सुरू करावा. देतानाही बघतील, काढून घेतानाही.

अथणीकर: ताई, पुठ्ठ्याचा राग मलाही येतो, आमचं घर याच धंद्यात आहे. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीची शिवण, खिळा नाही. वेणी आई घालते, तिची बोटं बघा एकदा, काळी पडलीत. शिक्का राजाचा लागला तर नाव राजाचं होणार. आईचं कुठं येणार? शिवाय राजा काय वापरतो त्यावरून माझ्या मालाची पत का ठरावी? तिकडचंच बघा की, ११५५ मध्ये दुसऱ्या हेन्रीने सनद दिली ती लंडनच्या विणकरांच्या संघाला. तसा कारागिरांचा संघ हवा, शिक्का त्याचा.

निपाणीकर: दादा, राजाश्रय इतका झटकून टाकू नका. शाहू महाराजांनी या धंद्याला हात दिला, म्हणून पेठ उभी राहिली. आणि संघ काढाल कुठल्या राज्यात? कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्हीकडच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर आणि तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. आपल्या भागात दोन्ही सरकारं एका कागदावर येतात हे थोडं आहे का? तोच कागद वापरू या.

अथणीकर: शाहू महाराजांचे उपकार आमच्या घरात कुणी विसरत नाही. पण त्यांनी कारागीर उभा केला. कागदाचं म्हणाल तर तो आहेच, पण दुकानात जाऊन चप्पल उलटी करून बघणारा माणूस नाही.

शहापूरची ताई: तेच तर मी म्हणत होते. शिक्का कुणाचाही असू दे, पाच वर्षांनी काढून घ्यायची ताकद त्याच्यात हवी. संघाचा असेल तर खोट निघालेल्या आपल्याच माणसाचा शिक्का काढाल का, दादा?

अथणीकर: काढू. आईच पहिली काढेल.